व्ह्यू एका ग्राहकासाठी झटपट, जॉइन केला की ३८ सेकंद: अट आत का शिरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. पोस्टग्रेस १४ (डेटाबेस) वर `ग्राहक_उलाढाल` नावाचा व्ह्यू आहे. त्यात `ऑर्डर` टेबलवर ग्राहकानुसार ग्रुप बाय करून ऑर्डरींची संख्या, एकूण रक्कम आणि शेवटच्या ऑर्डरची तारीख काढली आहे. टेबलात दोन कोटी ओळी आहेत, `ग्राहक_आयडी`वर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) आहे. एकच आयडी दिला तर उत्तर ३ मिलिसेकंदांत येतं. तोच व्ह्यू `ग्राहक` टेबलला जोडून विभाग १२ मधले १५० ग्राहक मागितले की ३८ सेकंद लागतात. `इनेबल_सीक्वस्कॅन` (अख्खं टेबल सरळ वाचण्याची पद्धत) बंद करून पाहिलं तर वेळ आणखी वाढला. मग प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) इंडेक्स वापरायला भाग कसं पाडायचं?

भाग पाडण्याचा प्रश्नच इथे नाही. प्लॅनर इंडेक्स नाकारत नाहीये, इंडेक्स जिथे लागतो तिथपर्यंत तुमची अटच पोहोचत नाहीये. त्यामुळे आधी अट कुठे अडते ते पाहू, स्विच आणि सेटिंग नंतर.

व्ह्यू म्हणजे साठवलेला डेटा नाही, साठवलेली क्वेरी. तुम्ही व्ह्यूचं नाव घेता तेव्हा रिरायटर त्या जागी अख्खी क्वेरी सबक्वेरी म्हणून बसवतो. मग प्लॅनरपुढे दोन वाटा असतात. सबक्वेरी साधी असेल (नुसते जॉइन, अटी, कॉलम) तर तो ती बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो, आणि व्ह्यू होता याचा मागमूसही प्लॅनमध्ये राहत नाही. पण आत ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, विंडो फंक्शन, लिमिट किंवा युनियन असेल तर ती विरघळत नाही, तिचा प्लॅन वेगळा बनतो. साध्या युनियन ऑलला यातून सूट आहे. न विरघळलेल्या सबक्वेरीबाबत एकच गोष्ट महत्त्वाची उरते: बाहेरची कुठली अट आत ढकलता येते?

`ग्राहक_आयडी = ४२१७` ही अट ग्रुप बायच्या कॉलमवर आहे आणि समोर ठरलेली किंमत आहे. ती आत जाते, आधी हॅव्हिंग (ग्रुप केल्यानंतरची अट) बनते, तिथून व्हेअरमध्ये सरकते आणि इंडेक्सपर्यंत पोहोचते. म्हणून ३ मिलिसेकंद. जॉइनमधली `उ.ग्राहक_आयडी = ग.आयडी` (`उ` म्हणजे व्ह्यू, `ग` म्हणजे `ग्राहक`) ही मात्र किंमत नाही, दुसऱ्या टेबलाच्या कॉलमकडे बोट आहे. ग्रुप बाय असलेल्या सबक्वेरीत पोस्टग्रेस अशी जॉइनची अट ढकलत नाही. तुमचा प्लॅन साधारण असा दिसत असणार (कीवर्ड देवनागरीत लिहितोय, चालवताना नेहमीचे टाका):

```
हॅश जॉइन                          (प्रत्यक्ष ओळी १५०)
  -> हॅशॲग्रिगेट                   (प्रत्यक्ष ओळी ९,००,०००)
       -> सीक्वेन्शियल स्कॅन: ऑर्डर  (प्रत्यक्ष ओळी २,००,००,०००)
  -> हॅश
       -> इंडेक्स स्कॅन: ग्राहक      (प्रत्यक्ष ओळी १५०)
            अट: विभाग_आयडी = १२
```

हा खालून वर वाचा. विभागाची अट फक्त `ग्राहक`च्या फांदीवर लागली आहे. दुसऱ्या फांदीने दोन कोटी ओळी वाचल्या, नऊ लाख ग्राहकांच्या बेरजा केल्या आणि वरच्या हॅश जॉइनने त्यातल्या १५० ठेवून बाकीच्या फेकून दिल्या. सीक्वेन्शियल स्कॅन बंद केल्यावर वेळ का वाढला तेही इथेच कळतं. सगळ्या ओळी वाचायच्याच होत्या, त्या आता सरळ वाचण्याऐवजी इंडेक्समधून उड्या मारत वाचल्या गेल्या. हॅशॲग्रिगेटखाली डिस्कचा वापर छापलेला दिसला तर `वर्क_मेम` (मूळ किंमत ४ एमबी) कमी पडतेय. ती वाढवून काही सेकंद वाचतील, पण नको असलेलं काम लवकर उरकल्याने मूळ दुखणं जात नाही.

उपाय तीन आहेत. कुठला घ्यायचा हे व्ह्यू बदलायची मुभा आहे का यावर ठरतं.

व्ह्यूला हात लावता येत नसेल तर लॅटरल वापरा. प्रत्येक ग्राहकासाठी व्ह्यूला एकेक आयडी द्यायचा, म्हणजे तुमची ३ मिलिसेकंदांची क्वेरी १५० वेळा चालेल:

```
सिलेक्ट ग.नाव, उ.संख्या, उ.एकूण
फ्रॉम ग्राहक ग
क्रॉस जॉइन लॅटरल (
    सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक_उलाढाल व
    व्हेअर व.ग्राहक_आयडी = ग.आयडी
    ऑफसेट ०
) उ
व्हेअर ग.विभाग_आयडी = १२;
```

तो `ऑफसेट ०` शोभेचा नाही. तो काढला तर लॅटरलमधली सबक्वेरी इतकी साधी उरते की प्लॅनर ती विरघळवतो, आतली अट पुन्हा साधी जॉइनची अट होते आणि तुम्ही परत ३८ सेकंदांवर येता. बरेच जण लॅटरल करून पाहतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ऑफसेट असला की सबक्वेरी शाबूत राहते, `ग.आयडी` तिच्यासाठी पॅरामीटर (दर फेरीला ठरलेली किंमत) ठरतो आणि पॅरामीटर ग्रुप बायच्या आत जाऊ शकतो. प्लॅनमध्ये वर नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी फेरी मारणारा जॉइन) आणि खाली `ऑर्डर`वरच्या इंडेक्स स्कॅनपुढे `लूप्स=१५०` दिसलं की जमलं.

दुसरा मार्ग त्याहून आटोपशीर आहे, पण कमी लोकांना माहीत असतो:

```
व्हेअर उ.ग्राहक_आयडी = एनी(ॲरे(
    सिलेक्ट आयडी फ्रॉम ग्राहक व्हेअर विभाग_आयडी = १२))
```

दिसायला हे `इन (सिलेक्ट …)` सारखंच आहे, पण वागणूक वेगळी. `इन`चा प्लॅनर सेमी-जॉइन करतो, म्हणजे पुन्हा जॉइन, म्हणजे अट बाहेरच. `ॲरे(...)` मात्र आधी एकदाच चालतो आणि त्याचा निकाल एक तयार किंमत म्हणून पुढे जातो. तयार किंमत आत ढकलता येते. मेख एवढीच की ॲरेत किती आयडी येतील हे प्लॅनरला आधी कळत नाही, तो ठोकळमानाने १० धरतो. खरे १५० असले तर काही बिघडत नाही. पन्नास हजार असतील आणि वर आणखी चार जॉइन असतील तर तो १० च्या हिशेबाने नेस्टेड लूप रचेल आणि ते महागात पडेल.

व्ह्यू तुमच्याच ताब्यात असेल तर मी तिसरा घेईन: ज्या कॉलमवर लोक गाळणी लावतात तो कॉलम व्ह्यूच्या आतच आणा. व्ह्यूमध्ये `ग्राहक` जोडा, `ग.आयडी`बरोबर `ग.विभाग_आयडी`सुद्धा ग्रुप बायमध्ये घ्या आणि बाहेर दाखवा. एका ग्राहकाचा विभाग एकच असल्याने गट बदलत नाहीत, बेरजा त्याच राहतात. पण आता `विभाग_आयडी = १२` ही ग्रुप बायच्या कॉलमवरची स्थिर अट झाली. ती आत जाते, आधी १५० ग्राहक निवडले जातात आणि त्यांच्याच ऑर्डरी वाचल्या जातात. व्ह्यू वापरणाऱ्यांना लॅटरल शिकवत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा.

हे सगळं ‘थोडे ग्राहक’ गृहीत धरून आहे. सरासरी एका ग्राहकाच्या २२ ऑर्डरी, म्हणजे १५० जणांच्या ३,३०० ओळी. इंडेक्सची बाजू उघडच वरचढ. पण एखाद्या विभागात चार लाख ग्राहक असतील तर लॅटरल चार लाख फेऱ्या मारेल आणि सगळं एकदाच वाचून बेरीज करणारा जुना प्लॅन जिंकेल. तिसऱ्या मार्गात ही निवड प्लॅनरकडे राहते. लॅटरल आणि ऑफसेटने ती तुम्ही त्याच्या हातून काढून घेता.

आता इतर व्ह्यूंमध्येही हीच अडवणूक वेगळ्या रूपात भेटेल. समजा ‘प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर’ असा व्ह्यू रो-नंबर आणि पार्टिशन बाय ग्राहक (प्रत्येक ग्राहकाच्या ओळींना वेगळे क्रमांक देणारं विंडो फंक्शन) वापरून केला आहे. बाहेरून ग्राहकाची अट लावली तर ती आत जाते, कारण पार्टिशन त्याच कॉलमवर आहे. तारखेची लावली तर जात नाही. हा प्लॅनरचा आळशीपणा नव्हे. ‘शेवटची ऑर्डर काढ आणि ती जूनमधली असेल तर दाखव’ आणि ‘जूनमधल्या ऑर्डरींतली शेवटची दाखव’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरंही वेगळी येतील. तुम्हाला दुसरं हवं असेल तर तारीख आतच लिहावी लागेल, त्यासाठी व्ह्यूऐवजी तारीख घेणारं फंक्शन बरं पडतं. डिस्टिंक्ट ऑनला हाच नियम. लिमिट असलेल्या व्ह्यूत तर कुठलीच अट जात नाही.

विथने लिहिलेल्या सबक्वेरीचं पोस्टग्रेस १२ पासून (२०१९) बदललं. त्याआधी विथ म्हणजे पक्की भिंत होती. आता एकदाच वापरलेला, रिकर्सिव्ह नसलेला, साइड इफेक्ट नसलेला विथ विरघळतो. दोनदा वापरला तर पुन्हा भिंत, `नॉट मटेरियलाइज्ड` लिहिलं तर नाही. जुने सल्ले वाचताना ते कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलेत ते पाहत जा.

सगळ्यात फसवी भिंत म्हणजे स्वतः लिहिलेली फंक्शन्स. क्रिएट फंक्शनमध्ये काही सांगितलं नाही तर पोस्टग्रेस ते व्होलाटाइल (दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकणारं) धरतं. रक्कम नीट गोल करून देणारं एक साधं फंक्शन व्ह्यूच्या कॉलमांत असलं तरी तेवढ्याने व्ह्यू विरघळायचा थांबतो आणि त्या कॉलमवरची अट बाहेर राहते. फंक्शन टेबल फक्त वाचत असेल तर स्टेबल लिहा, नुसता हिशेब करत असेल तर इम्युटेबल. मात्र खरं असेल तेच लिहा. खोटं इम्युटेबल लिहून त्यावर इंडेक्स बांधला तर पुढे चुकीची उत्तरं येतात, आणि ती चूक सापडायला फार अवघड. सिक्युरिटी बॅरियर (ओळी लपवण्यासाठीची खूण) लावलेल्या व्ह्यूचंही तसंच: तिथे लीकप्रूफ नसलेली, म्हणजे लपवलेला डेटा फोडू शकणारी अट मुद्दाम बाहेर ठेवली जाते, ती सुरक्षेची किंमत आहे, तिच्याशी भांडू नका.

कधी व्ह्यू छान विरघळतो तरी इंडेक्स लागत नाही. मग कॉलमकडे पाहा. व्ह्यूत `नोंद_वेळ::डेट ॲज दिनांक` असेल आणि बाहेरून दिनांकावर अट असेल, तर इंडेक्स `नोंद_वेळ`वर आहे आणि अट एका एक्स्प्रेशनवर. दोघांची गाठच पडत नाही. एक्स्प्रेशनवर इंडेक्स करायला गेलात आणि कॉलम टाइमझोनसह असेल, तर फंक्शन इम्युटेबल नाही म्हणून तो बनतच नाही, कारण दिवस कुठला हे सेशनच्या टाइमझोनवर ठरतं. सोपा मार्ग: मूळ `नोंद_वेळ`ही व्ह्यूतून बाहेर द्या आणि ‘या क्षणापासून, त्या क्षणाच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहा. कोॲलेस (नलच्या जागी दुसरी किंमत) आणि टू-कॅर (मजकुरात रूपांतर) केलेल्या कॉलमांनाही हेच लागू.

व्ह्यूवर व्ह्यू रचलेले असतील तर आणखी दोन गोष्टी. `सिलेक्ट *` टाळा. लेफ्ट जॉइन केलेल्या टेबलाचा एकही कॉलम मागितला नाही आणि जोडणीचा कॉलम तिथे युनिक असेल तर प्लॅनर तो जॉइन प्लॅनमधून काढूनच टाकतो. इनर जॉइन मात्र फॉरेन की असली तरी काढत नाही. दुसरं, विरघळल्यावर टेबलांची संख्या ८ च्या वर गेली की `फ्रॉम_कोलॅप्स_लिमिट` आणि `जॉइन_कोलॅप्स_लिमिट` (दोन्हींची मूळ किंमत ८) आड येतात आणि तुम्ही लिहिलेला क्रम बराचसा तसाच राहतो. सेशनपुरते दोन्ही १० किंवा ११ करून पाहा. १२ टेबलं झाली की `जीईक्यूओ_थ्रेशोल्ड`मुळे जेनेटिक पद्धतीचा शोध सुरू होतो, म्हणून त्यापुढे जायचं तर तोही वाढवावा लागतो, आणि मग एक्सप्लेनच्या (प्लॅन छापणाऱ्या कमांडच्या) तळाशी छापलेल्या प्लॅनिंग टाइमवर लक्ष ठेवा. तो वाढत जातो.

इथपर्यंत क्वेरीचा आकार झाला. अट योग्य जागी आहे, तरी प्लॅन वाईट, अशी वेळ आली तर मग अंदाज तपासायचे. `एक्सप्लेन (ॲनालाइझ, बफर्स)` चालवा आणि सगळ्यात खालच्या नोडपासून (प्लॅनमधल्या पायरीपासून) वर येत अंदाजी ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करा. प्रत्यक्ष ओळी आणि वेळ हे दर फेरीचे सरासरी आकडे असतात, म्हणून लूप्सने गुणायला विसरू नका, ‘०.०२ मिलिसेकंद’ वाचून पुढे जाल आणि लूप्स तीन लाख असतील. दहापट किंवा जास्त फरक जिथे पहिल्यांदा दिसतो तो नोड धरा. त्याच्या वरचे सगळे चुकीचे निर्णय त्या एका चुकीच्या आकड्यावर उभे असतात.

तो फरक एकाच कॉलमवरच्या अटीत असेल तर आकडेवारीचा नमुना वाढवा. मूळ स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०० असतो, त्यात ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करणारी कमांड) ३०,००० ओळींचा नमुना घेतो. दोन कोटी ओळींच्या, विषम वाटणी असलेल्या कॉलमला ५०० द्या आणि लगेच ॲनालाइझ चालवा. नुसतं ऑल्टर करून काही होत नाही. दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून असतील (पिनकोड आणि शहर) तर प्लॅनर त्यांना स्वतंत्र समजून शक्यतांचा गुणाकार करतो आणि अंदाज फारच कमी येतो. त्यासाठी `क्रिएट स्टॅटिस्टिक्स` आहे, आवृत्ती १० पासून. ते एकाच टेबलातल्या कॉलमांपुरतं चालतं, जॉइनच्या पलीकडे पाहत नाही. गटांची संख्या चुकत असेल, म्हणजे नऊ लाख गट असताना अंदाज साठ हजारांचा, तर त्या कॉलमला `एन_डिस्टिंक्ट` हाताने देता येतो. ऋण किंमत दिली की ते ओळींच्या प्रमाणात मोजलं जातं. तुमच्यासाठी सुमारे -०.०४५.

खर्चाच्या सेटिंगमध्ये मी एकाच ठिकाणी नेहमी हात घालतो. `रँडम_पेज_कॉस्ट`ची मूळ किंमत ४ आहे, ती फिरत्या डिस्कच्या हिशेबाची. एसएसडीवर किंवा डेटा बहुतेक मेमरीतच बसत असेल तर १.१ ते २ योग्य. `इफेक्टिव्ह_कॅश_साइझ` नुसती सूचना आहे, त्याने मेमरी अडवली जात नाही.

आणि ते `इनेबल_…` स्विच? निदानासाठी उत्तम, इलाज म्हणून वाईट. ट्रान्झॅक्शनमध्ये `सेट लोकल` करून एक पद्धत बंद करा आणि दुसऱ्या प्लॅनची अंदाजी किंमत (कॉस्ट) व खरा वेळ दोन्ही टिपा. खरा वेळ कमी पण किंमत जास्त आली तर अंदाज किंवा कॉस्ट चुकतेय. दोन्ही जास्त, जसं तुमच्याकडे झालं, म्हणजे प्लॅनर बरोबर होता, आकार चुकला होता. शिवाय बंद म्हणजे मनाई नव्हे. तुमच्या आवृत्तीत त्या पद्धतीवर फक्त एक प्रचंड दंड चढतो, दुसरा मार्ग नसेल तर तीच वापरली जाते. पोस्टग्रेसच्या गाभ्यात हिंट (प्लॅनरला क्वेरीतूनच दिलेल्या सूचना) नाहीत, `पीजी_हिंट_प्लॅन` हे एक्स्टेंशन ते काम करतं. एखादी क्वेरी रात्रीत सावरायची असेल तर जरूर वापरा, पण डेटा वाढल्यावर ती हिंट कोणीतरी तपासेल असं गृहीत धरू नका.

मटेरियलाइज्ड व्ह्यूचा विचार तुम्ही केलाच असेल. थोडी शिळी बेरीज चालत असेल तर तो सरळ उपाय आहे. रिफ्रेश आपोआप होत नाही, आणि वाचणाऱ्यांना न अडवता रिफ्रेश करायचा तर `कन्करंटली` आणि त्यासाठी युनिक इंडेक्स लागतो.

तुमच्या बाबतीत मी तिसऱ्या मार्गाचा व्ह्यू नव्या नावाने बनवून तीन विभागांवर चालवेन: एक लहान, एक मधला, एक सगळ्यात मोठा. प्लॅन पटला की जुन्या आणि नव्या व्ह्यूचे सारखे कॉलम घेऊन `एक्सेप्ट` (एकात असून दुसऱ्यात नसलेल्या ओळी) दोन्ही दिशांनी चालवा. दोन्हीकडून शून्य ओळी आल्या पाहिजेत. नव्या व्ह्यूत `ग्राहक` लेफ्ट जॉइनने सुरू केलात तर एकही ऑर्डर नसलेले ग्राहक नल बेरजेसह जास्तीचे येतील. जुन्या व्ह्यूत ते नव्हते, तेव्हा इनर जॉइनच ठेवा.